जुन्या लोकलचा निरोप आणि मामांचा आवाज

मैत्रिणींनो, १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस आम्हा बीड जिल्ह्यातल्या लोकांना विसरता येणार नाही. त्या दिवशी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आणि बीड शहराला पहिल्यांदाच प्रवासी गाडी मिळाली. कितीतरी वर्षं वाट पाहिली होती हो! आमच्या अंबाजोगाईकरांना मात्र गाडी धरायची तर अजूनही परळी नाहीतर घाटनांदूर गाठावं लागतं. तेव्हा नव्या गाडीचं कौतुक काय असतं ते आम्हाला विचारा.

पण जुनी गाडी जाते म्हणून रात्रभर जागणारं माणूस कधी पाहिलंय का तुम्ही? मी पाहिलंय. माझा मामेभाऊच तो!

आमचे मामा मूळचे परळीचे. नोकरीसाठी मुंबईला गेले आणि रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये फिटर म्हणून लागले. घर डोंबिवलीला. शाळेला सुट्टी लागली की आम्ही भावंडं तिकडे. पिवळ्या-चॉकलेटी रंगाच्या त्या लोकल, जाळीच्या पिंजऱ्यातले काळे पंखे, आणि पंखा अडला की पेनानं नाहीतर कंगव्यानं त्याचं पातं ढकलणारी माणसं! आम्हाला सगळ्याचीच गंमत वाटायची. मामा मात्र डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, “हिचा कॉम्प्रेसर बोंबलतोय. उद्या शेडमध्ये येणार ही बया.”

त्या गाड्यांना ‘डीसी लोकल’ म्हणत. मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, बोरीबंदर ते कुर्ला, हार्बर मार्गानं. वरच्या तारेत वीज असे दीड हजार व्होल्टची, डीसी म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. पुढं गाड्या वाढल्या, डबे वाढले, आणि ही वीज अपुरी पडू लागली. दाब कमी असला की तेवढंच काम करायला प्रवाह जास्त लागतो. मग तारा जाड हव्यात, वीजकेंद्रंही जवळजवळ हवीत. म्हणून पंचवीस हजार व्होल्टची एसी वीज आणायचं ठरलं. एसी म्हणजे थंडगार डबा नव्हे बरं का, ही विजेची जात झाली! नव्या गाड्या ब्रेक लावताना थोडी वीज तारेला परतसुद्धा करतात. संसारी बाईला हा हिशेब लगेच पटावा!

बदल एका दिवसात झाला नाही. पश्चिम रेल्वेवर तो फेब्रुवारी २०१२ मध्ये पुरा झाला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून २०१५ मध्ये, आणि सगळ्यात शेवटी हार्बरवर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून शेवटची डीसी लोकल सुटली. शंभरीला नऊ वर्षं कमी असताना डीसीचं राज्य संपलं.

रेल्वेवेड्यांना हे आधीपासून माहीत होतं. त्यामुळं शेवटची तीन-चार वर्षं माझ्या मामेभावासारखी पोरं हातात वही, कॅमेरा घेऊन फलाटाफलाटावर दिसायची. काय टिपायची? मोटारडब्याचा नंबर. डबा कुठं बांधला, कलकत्त्याच्या जेसॉप कारखान्यात की पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत. गाडी कुठल्या शेडची, रंग कोणता, भोंगा कसा. आणि फोटोत न मावणारी गोष्ट, म्हणजे गाडी सुटतानाचा आवाज. भारतातल्या अशा हौशी लोकांचा इंडियन रेल्वे फॅन क्लब १९८९ पासून आहे. मामी मात्र वैतागायच्या. “पोरीचे फोटो काढायच्या वयात डब्यांचे फोटो काढतोय!” असं म्हणत हसायच्या आणि डब्यात पोळी-भाजी बांधून द्यायच्या.

खरं सांगू? मलाही हे वेड पटत नव्हतं. तो २०१६ चा एप्रिल आठवा. मराठवाड्यात केवढा दुष्काळ! टँकर आला की घागर घेऊन धावायचं, एवढाच दिनक्रम. अशात रात्री उशिरा भावाचा फोन. “ताई, शेवटची डीसी गेली गं,” आणि त्याचा गळा भरून आलेला. मी फटकारलंच त्याला. “अरे, इथं प्यायला पाणी नाही आणि तू भंगार गाडीसाठी रडतोस?”

तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी पुन्हा त्याचाच फोन. मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. १२ एप्रिलला पहाटे ती लातूरला पोचली. “ताई, ही गाडी कुठल्या वाटेनं आली माहितीय? आपल्या बार्शी लाइटच्या वाटेनं!” १८९७ मध्ये सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. पुढं ती एकीकडं लातूरला आणि दुसरीकडं पंढरपूरवरून मिरजेला गेली. आता तिथं मोठे रूळ पडले आहेत. माझी आई लहानपणी त्याच छोट्या गाडीनं लातूरहून पंढरपूरला गेली होती. मी तिला विचारलं, “गाडीचा रंग कोणता होता गं?” आई विचारात पडली. काही केल्या आठवेना. “रोजचीच तर होती, कोण लक्ष देतंय?” म्हणाली.

ते वाक्य मनात रुतून बसलं. जे रोजचं असतं तेच आपण सांभाळत नाही. लग्नाचा अल्बम असतो, पण ज्या चुलीवर आईनं तीस वर्षं भाकरी थापल्या तिचा एक फोटो नसतो.

तीन वर्षांनी मामा गेले. अचानकच. तेराव्याला सगळे बसलो असताना मामी म्हणाल्या, “ह्यांचा आवाज कुठंच नाही गं राहिला.” खरंच, फोटो होते, पण सगळे सफारी घालून ताठ उभे राहिलेले. बोलणारे मामा कुठंच नव्हते.

तेव्हा भाऊ उठला आणि त्यानं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. २०१४ सालातलं, मुख्य मार्गावरच्या एका डीसी लोकलचं. गाडी सुटते, घरघर चढत जाते, आणि मध्येच मामांचा आवाज येतो. “ऐक, आत्ता मोटारी सिरीजमध्ये आहेत... हं, आता झाल्या पॅरलल. बदलला की नाही आवाज?” मग मुलाचा चिडका आवाज, “बाबा, बोलू नका ना, सगळं बिघडतंय!” आणि मामांचं मोठ्यानं हसणं.

ते बिघडलेलं रेकॉर्डिंग आज आमच्या घरातली सगळ्यात मोलाची ठेव आहे. शेकडो आवाज त्यानं स्वच्छ टिपले, पण मामी ऐकतात ते हेच.

त्यानंतर मी रेल्वेवेड्यांना हसणं सोडलं. कोलकात्याची भुयारी मेट्रो ही देशातली पहिली, २४ ऑक्टोबर १९८४ ची. तिच्या जुन्या, बिनवातानुकूलित गाड्यांना २०२१ मध्ये त्याच तारखेला समारंभानं निरोप दिला गेला. न्यूयॉर्कमध्ये तर भुयारी रेल्वेच्या एका बंद स्टेशनातच १९७६ पासून संग्रहालय आहे आणि जुने डबे तिथं रुळांवर उभे आहेत. म्हणजे हे वेड जगभरचं आहे.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मला खटकते. माझ्या भावाच्या वह्यांत डब्यांचे नंबर आहेत, पण बायकांचा डबा नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये मांडीवर वर्तमानपत्र पसरून निवडलेली मेथी, डब्यातलं हळदीकुंकू, गर्दीतच केलेलं कुणाचं डोहाळजेवण, दसऱ्याला बांधलेली झेंडूची तोरणं, हे कोणी टिपलं? मामींनी पंचवीस वर्षं त्या डब्यातून नोकरी केली. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “त्यात काय सांगायचं?” मी वही घेऊन बसले, तर दोन दुपारी बोलत होत्या!

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ मध्ये आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्याही त्यात ध्वनिमुद्रित झाल्या. कोणीतरी वेळेवर जाऊन विचारलं, म्हणून त्या राहिल्या.

तेव्हा घरातलं काहीही बदलण्याआधी एवढं जरूर करा. जुना ओटा फोडण्याआधी, वाडा पाडण्याआधी त्याचा फोटो घ्या, आणि तो रिकामा नको, त्यात वावरणाऱ्या माणसासकट घ्या. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि तारीख लिहा. शाईचा पेन नको, डाग पुढं उमटतो. अल्बम ओलीच्या भिंतीजवळच्या कपाटात ठेवू नका. हल्ली फोन प्रत्येकीकडं असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारा आणि मग मध्ये न बोलता ऐका. आवाजाची एक प्रत दुसऱ्या कुणाकडं तरी ठेवा.

आणि मागं कुकरची शिट्टी झाली, कोणी हसलं, पोर रडलं, तर “बिघडलं” म्हणून पुसू नका बरं का. परवा मी आईचं बोलणं टिपत होते, तर मध्येच तिनं हाक मारली, “अगं, दूध उतू चाललंय!” मी धावले. ते वाक्य मी तसंच ठेवलंय.