काट्याला न दिसणारी चरबी

"पाच किलो उतरले की सुटले!" असं म्हणणाऱ्यांचा सगळा जीव काट्याच्या आकड्यात अडकलेला असतो. सडपातळ माणसं तर स्वतःला या काळजीतून मोकळीच समजतात. या दोघांनीही एक फोटो पाहावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा हा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. त्यात स्नायू किती नि चरबी किती, हे कळायला मार्गच नाही. आपल्याकडे स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त, अशी ठेवण पुष्कळ आढळते. याज्ञिकांच्या पुणे परिसरातल्या अभ्यासात कमी स्नायू नि त्यामानाने जास्त चरबी कमी वजनाच्या नवजात बाळांतही दिसली. मग निव्वळ वजनावरून कुणाला खादाड, आळशी ठरवणं हा मला अन्यायच वाटतो.

उपाशी राहून पहिल्या आठवड्यात जे वजन उतरतं, त्यात बरंचसं पाणी असतं. पुढे स्नायूही झिजतात. आकडा खाली येतो, पण हवं तेही गमावलेलं असतं.

पोटातल्या चरबीचा अंदाज देणाऱ्या कमरेच्या घेराची मर्यादा भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानतात. तेव्हा वजन करण्याआधी घरातली शिवणकामाची टेप काढा आणि कंबर मोजा.