३५ दिवसांनंतर

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाच्या हातात चहाचा कप दिला, की घरातले सगळे त्याच्या हाताकडे बघतात. कप थरथरत नाही, हे दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. शेजारी विचारतात, "सुटली ना एकदाची?" आणि चार दिवसांत तो कामावर रुजू होतो.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. तेवढ्या काळात शरीर सावरतं, भूक लागते, झोप परतू लागते. पण माणूस परत जातो तो त्याच घरात, त्याच कामावर आणि त्याच विवंचनांमध्ये. खरी कसोटी तिथे लागते, आणि सर्वांत पक्के गैरसमजही तिथेच भेटतात.

गैरसमज : मनात आणलं तर कुणीही सोडू शकतो.

वस्तुस्थिती : दीर्घकाळच्या व्यसनाने मेंदूतली सुखाची आणि संयमाची यंत्रणाच बदलते. निग्रह लागतोच, पण तो ज्या मेंदूने करायचा तोच आजारी असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक विकारांचा समावेश केला आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख लोक आहेत, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळालेले होते. बाकीच्यांना मनाने कच्चे ठरवण्याआधी हा आकडा आठवावा.

गैरसमज : खोलीत कोंडून ठेवलं की चार दिवसांत उतरते.

वस्तुस्थिती : रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हेही कळेनासं होतं. घरचे याला 'नाटक' समजतात किंवा 'बाहेरचं' समजून अंगारा लावतात. प्रत्यक्षात ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ असते. तिथे त्रास आटोक्यात ठेवणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. हे जीवनसत्त्व फार कमी झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

गैरसमज : जेवणातून गुपचूप औषध दिलं की दारू सुटते.

वस्तुस्थिती : 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती गावोगावच्या भिंतींवर दिसतात. डायसल्फिराम हे खरोखरचं औषध आहे, पण ते घेतल्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्याचा त्यात मृत्यूही होऊ शकतो. म्हणून रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यायचं असतं. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत. तीही मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

गैरसमज : कामाला जुंपा किंवा लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल.

वस्तुस्थिती : व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. सुमारे २० टक्के सैनिकांना तिथे अफूजन्य पदार्थांचं व्यसन जडलं होतं. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनाधीन झाले. त्यांची छावणी, सोबत आणि सहज मिळणारं हेरॉइन मागे राहिलं होतं. आपल्याकडे केंद्रातून सुटलेल्या माणसाचं उलट होतं. तो सुरक्षित जागेतून थेट जुन्या कोपऱ्यावर येतो.

म्हणून नोकरी टिकवायला आधी बेत लागतो. पगाराच्या दिवशी हातात रोख असते, गाडीवरून येताना तेच दुकान लागतं, मित्र म्हणतात, "एकच घे रे!" त्या दिवसापुरतं एटीएम कार्ड बायकोकडे देणं, घरी जाण्याचा रस्ता बदलणं, पहिले काही महिने रात्रपाळी आणि ओव्हरटाइम टाळणं, पाठपुराव्याच्या दिवशीची रजा आधीच सांगून ठेवणं, अशा बारीकसारीक गोष्टींचा मोठा आधार होतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपैकी काहीही साचू द्यायचं नाही, हे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना जाणारे एकमेकांना सारखं बजावतात. लग्नाने यातलं काहीच होत नाही. फक्त एक निष्पाप मुलगी या आजाराच्या तोंडी दिली जाते.

गैरसमज : दारू सुटली की मन ताळ्यावर येतं.

वस्तुस्थिती : काहींचं येतं. दारूमुळेच आलेली उदासी सोडल्यावर तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. पण अनेकांना नैराश्य किंवा चिंतेचा आजार आधीपासून असतो आणि दारू हे त्यांचं घरगुती औषध असतं. ते काढून घेतल्यावर मूळ दुखणं उघडं पडतं. दोन्हींवर एकत्र उपचार करावे लागतात. 'एक व्यसन सोडून गोळ्यांचं लागेल' या भीतीने नैराश्याच्या गोळ्या बंद केल्या जातात. त्यांनी नशा होत नाही, मात्र त्या डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या. काही झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागते, त्यामुळे त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

गैरसमज : घरच्यांचं काम फक्त नजर ठेवण्याचं.

वस्तुस्थिती : खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं यात घरच्यांचीच झोप उडते. कित्येक बायका वर्षानुवर्षं साहेबांना फोन करून 'यांना ताप आलाय' असं सांगत आलेल्या असतात. या सगळ्यात त्या स्वतःही आजारी पडतात. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. अल्-अॅनॉनच्या सभाही कुटुंबीयांसाठीच असतात. नवऱ्याने उपचार नाकारले तरी बायको तिथे जाऊ शकते. खोटा फोन करायचा नाही, उधारी फेडायची नाही, मारहाण सहन करायची नाही, हे ती तिथे शिकते.

गैरसमज : एकदा घसरला म्हणजे सगळं वाया गेलं.

वस्तुस्थिती : उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी पुन्हा वापराकडे वळतात. रक्तदाब आणि दम्याचे रुग्णही साधारण तितक्याच प्रमाणात पुन्हा बिघडतात. दमा उसळला म्हणून कुणी त्या रुग्णाला घराबाहेर काढत नाही, उपचार बदलून पाहतात. गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, बाबतीत मात्र जास्त सावध राहायला हवं. काही आठवड्यांच्या खंडाने शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस प्राणघातक ठरू शकतो.

त्यामुळे घसरल्याचं कळलं की पहिला फोन केंद्राला किंवा डॉक्टरांना करावा. आधी काय घडलं होतं, हे त्याच आठवड्यात शोधावं. भांडण झालं होतं, झोप झाली नव्हती, की गोळ्या संपल्या होत्या? फोन कुणाला करावा हे सुचत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे निःशुल्क क्रमांक आहेत. दोन्ही फ्रिजवर, पाठपुराव्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवावेत.