ससा कां चावतो?

भित्र्या माणसास ‘सशाच्या काळजाचा’ म्हणण्याची मराठींत जुनी चाल आहे. पंचतंत्रांतला ससा सिंहास विहिरींत उडी घ्यावयास लावतो, पण तोहि बुद्धीच्या जोरावर. अंगच्या बळानें नव्हे. ससा कोणास इजा करील ही कल्पनाच लोकांच्या मनांत नसते. म्हणून मुलांच्या हट्टाखातर पांढराशुभ्र ससा घरीं आणला जातो, आणि चार-सहा महिन्यांनीं तोच ससा पिंजऱ्यांत हात घालतांच गुरगुरून अंगावर येतो, नखें मारतो, कडकडून चावतो, तेव्हां सारें कुटुंब गोंधळून जातें. कोणी म्हणतो ससा बिघडला, कोणी म्हणतो त्याची जातच वाईट. पुढें बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. ससा कायमचा पिंजऱ्यांत कोंडला जातो, किंवा एखाद्या सार्वजनिक बागेंत नेऊन सोडला जातो. तेथें कुत्रीं, मांजरें व घारी यांच्या तावडींतून तो फार दिवस वांचत नाहीं. वस्तुतः अशा बहुतेक सशांत स्वभावाचा दोष मुळींच नसतो. ज्या भित्र्या काळजाबद्दल ससा प्रसिद्ध आहे, तेंच काळीज त्याला बहुतेक वेळां चावावयास लावतें. ही एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे उपायाची वाट सांपडते.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, महाराष्ट्राच्या माळरानावर झुडपाच्या आडोशाला दबून बसणारा ससा आणि घरांत पाळला जाणारा ससा हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. माळावरचा ससा बीळ खणीत नाहीं, बहुधा एकटा राहतो, आणि त्याचीं पिलें अंगावर लव व डोळे उघडे असलेल्या स्थितींत जन्मतात. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन, पोर्तुगाल व दक्षिण फ्रान्स या भागांतले. ते जमिनींत बिळें खणून समुदायानें राहतात, आणि त्यांचीं पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात. वेल्समधील निसर्गनिरीक्षक रोनाल्ड लॉकली यांनीं अशा रानटी सशांचें दीर्घकाळ निरीक्षण करून १९६४ सालीं त्यांच्या जीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत दिसून येतें कीं, हा गरीब दिसणारा प्राणी आपल्या वसाहतीच्या सीमा जपतो, आपसांत मानापमान पाळतो आणि प्रसंगीं जोराची मारामारीहि करतो. ऑस्ट्रेलियांतील संशोधक रोमन मिकिटोविच यांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, सशाच्या हनुवटीखालीं गंधग्रंथि असतात व त्यांच्या गंधानें तो आपल्या हद्दीवर खुणा करतो. घरांतला ससा खुर्चीच्या पायाला हनुवटी घांसतो, तेव्हां तो लाड करून घेत नसतो. ‘ही वस्तु माझी’ असा शिक्का मारीत असतो.

आतां पिंजऱ्याकडे या दृष्टीनें पाहिलें असतां उलगडा होतो. पिंजरा हें सशाचें बीळ. त्यांत अकस्मात् शिरणारा हात म्हणजे घरांत घुसलेला परका. त्यांतून सशाच्या डोळ्यांची रचना निराळी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यानें त्याला जवळजवळ चोहोंकडचें दिसतें, परंतु नाकाच्या अगदीं पुढची व हनुवटीखालची थोडी जागा मात्र दिसत नाहीं. नेमका तेथेंच माणूस प्रेमानें हात नेतो. शिवाय वरून झडप घालणें ही घारीची रीत. वरून खालीं येणारा हात सशाला घारीसारखा वाटल्यास नवल नाहीं.

ससा सहसा सूचना दिल्यावांचून चावत नाहीं. कान मागें पाठीला चिकटवणें, अंग ताठ करून शेपटी वर उचलणें, घशांतून गुरगुरणें, पुढचे पाय आपटणें किंवा मागच्या पायानें जमिनीवर ठोका देणें, हीं सर्व त्याचीं ‘मागें व्हा’ म्हणून सांगण्याचीं चिन्हें होत. तीं ओळखून जो थांबतो, त्याला चावा बसण्याचा प्रसंग क्वचितच येतो. हळूच दातांनीं धरणें व रागानें चावणें यांतहि भेद आहे. पहिलें पुष्कळदां ‘बाजूला सर’ एवढेंच सांगण्यासाठीं असतें.

उपाय सोपे आहेत. त्यांना धीर मात्र लागतो. पिंजरा साफ करावयाचा किंवा दाणापाणी ठेवावयाचें तें ससा बाहेर खेळत असतांना करावें. पिंजऱ्यांतून त्याला ओढून काढूं नये. दार उघडून ठेवावें व त्याला आपण होऊन येऊं द्यावें. पहिले कांहीं दिवस घरांतल्या माणसानें जमिनीवर नुसतें बसून राहावें, कोथिंबिरीची काडी जवळ ठेवावी आणि सशाकडे हात नेऊं नये. तो येऊन हुंगेल, परत जाईल, पुन्हा येईल. ओळख पटल्यावर कपाळावर व कानांच्या मुळाशीं बाजूनें हात नेऊन थोपटावें. गुळगुळीत फरशीवर पाय घसरल्यानें ससा बिचकतो, तेव्हां त्याच्या फिरण्याच्या जागीं सतरंजी पसरावी.

सशाला उचलण्याचा सोस, विशेषतः मुलांचा, हें चाव्याचें एक मोठें कारण आहे. त्याचे मागचे पाय अत्यंत बळकट, पण हाडें हलकीं. चुकीच्या रीतीनें धरल्यास तो झटका देतो आणि त्यांत त्याच्याच पाठीचा कणा मोडूं शकतो. कान धरून उचलणें तर क्रूरपणाच होय. उचलणें भागच असेल तर एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या भागाखालीं देऊन त्याला अंगाशीं घट्ट धरावें. उताणा केलेला ससा निपचित पडतो, म्हणून तो शांत झाला असें पुष्कळांस वाटतें. ती शांतता नव्हे. शत्रूच्या हातीं सांपडलेल्या प्राण्याची ती भयानें आलेली निश्चलता होय. मुलांनीं ससा उचलूं नये, जमिनीवर बसून त्याच्याशीं खेळावें, हा नियम घालून दिल्यास मुलेंहि सुरक्षित राहतात व ससाहि.

चार ते सहा महिन्यांच्या सुमारास बहुतेक ससे वयांत येतात, आणि घरोघरच्या तक्रारी नेमक्या याच सुमारास सुरू होतात. नर जागोजागीं मूत्राच्या चिळकांड्या उडवितो, माणसांच्या पायांभोंवतीं घिरट्या घालतो. मादी पिंजऱ्याचें रक्षण अधिक तीव्रतेनें करते, आणि कधीं कधीं गर्भ नसतांहि अंगावरची लोकर उपटून घरटें करूं लागते. हा शरीरांतील स्रावांचा परिणाम असून सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेणें हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तिचा परिणाम दिसावयास कांहीं आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळांत नराला मादीपासून दूर ठेवावें लागतें. मादीच्या बाबतींत आणखी एक मोठा लाभ आहे: वाढत्या वयाबरोबर वारंवार आढळणारा गर्भाशयाचा कर्करोग त्यामुळें टळतो. सशाला ओकारी होत नसल्यानें शस्त्रक्रियेपूर्वीं त्याला उपाशी ठेवण्याची गरज नसते. उलट उपासानें त्याला अपाय होतो.

सोबत हवी म्हणून दुसरा ससा आणून तडक पहिल्याच्या पिंजऱ्यांत सोडणें हें भांडणास आमंत्रण आहे. दोन नर तर एकमेकांस गंभीर जखमा करतात. दोघांची शस्त्रक्रिया झाल्यावर, कोणाच्याच मालकीची नाहीं अशा जागीं त्यांची थोडा थोडा वेळ गांठ घालून द्यावी. मारामारी जुंपलीच तर मध्यें उघडा हात न घालतां जाड टॉवेल टाकावा.

आजवर प्रेमळ असलेला ससा एकाएकीं चिडखोर झाला तर मात्र दुखण्याचा संशय घ्यावा. सशाचे दांत जन्मभर वाढत राहतात; पुढचे तर आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर. वाळलेलें गवत भरपूर चघळण्यानें ते झिजतात. नुसत्या दाण्यांवर वा गाजरांवर ठेवलेल्या सशाच्या दाढांना तीक्ष्ण कडा येऊन जीभ व गाल सोलवटतात. तळपाय सोलणें, मूत्राचे विकार, उन्हाळ्याची काहिली, यांनींहि तो त्रासतो. दुखत्या जागीं हात लागतांच तो चावतो, आणि घरच्यांना वाटतें कीं याला मस्ती आली. सशानें अर्धा दिवस अन्नास तोंड लावलें नाहीं तर पशुवैद्याकडे जाण्यास विलंब लावूं नये. माणसांसाठींचीं औषधें तर मुळींच देऊं नयेत. पेनिसिलिनच्या वर्गांतील औषध तोंडावाटे दिल्यास तें सशाला प्राणघातक ठरूं शकतें.

विजेच्या तारा, चपला आणि पुस्तकें कुरतडणें, सतरंजी उकरणें, या खोड्या नव्हेत. तो या प्राण्याचा जन्मजात उद्योग आहे. तो बंद करतां येत नाहीं, दुसरीकडे वळवितां मात्र येतो. तारा नळींत घालाव्या अगर उंच न्याव्या, आणि सशाला गवताची पेंढी, पुठ्ठ्याचें खोकें व मातीनें भरलेलें पसरट घमेलें द्यावें. त्याला रोज कांहीं तास मोकळें सोडावें. पहांटे व तिन्हीसांजेला तो स्वभावतःच अधिक चपळ असतो.

राहतां राहिला शिक्षेचा प्रश्न. सशाला मारणें, नाकावर टिचकी देणें, पाणी उडविणें यांनीं तो एवढेंच शिकतो कीं, माणूस हा खरोखरच शत्रु आहे. त्याचप्रमाणें चावतांच हात झटकन मागें घेतला तर चावल्यानें काम होतें हा धडाहि तो गिरवितो. म्हणून चाव्याची पाळीच येऊं न देणें, सूचना दिसतांच शांतपणें थांबणें, आणि आरंभीं लांब बाहीचा अंगरखा व जाड हातमोजे वापरणें हें शहाणपणाचें. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें धुवून डॉक्टरांस दाखवावी.

नीट जोपासलेला ससा आठ-दहा वर्षें जगतो. तो घरीं आणण्यापूर्वीं एवढ्या काळाचा विचार झाला पाहिजे, कारण तो कांहीं कापसाचें खेळणें नव्हे. त्याला बोलतां येत नाहीं, सांगतां येत नाहीं. दांत हीच त्याची शेवटची भाषा. तत्पूर्वींची भाषा, म्हणजे कानांची, शेपटीची, पायांची, ज्या घरांत समजून घेतली जाते, त्या घरांत दांतांवर पाळी फारशी येत नाहीं.