टक्केवारी कशाची? : अचानक मंदावलेल्या लॅपटॉपचे निदान

लॅपटॉपचा मंदपणा दोन प्रकारचा असतो आणि निदानाची दिशा या दोहोंतील भेद ओळखण्यावर ठरते. नवनवी सॉफ्टवेअरे अधिकाधिक मेमरी मागू लागल्याने वर्षानुवर्षे वाढत जाणारा मंदपणा हा यंत्राची क्षमता आणि त्याच्यावर पडणारे काम यांतील वाढत्या तफावतीचा परिणाम असतो. परंतु कालपर्यंत सुरळीत चालणारा लॅपटॉप आज साधी फाइल उघडायलाही मिनिटभर घेऊ लागतो, तेव्हा यंत्र तेच असते, कामही तेच असते आणि मधल्या काळात एखादी निश्चित गोष्ट बदललेली असते. ती गोष्ट शोधणे हेच निदानाचे काम होय. व्यवहारात मात्र ‘फॉरमॅट मारणे’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे, हाच पुष्कळदा पहिला उपाय ठरतो. दोष सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्याने गुण येतो. पण तो चार्जरमध्ये, पंख्यात किंवा खुद्द डिस्कमध्ये असेल तर जागच्या जागी राहतो आणि प्रबंधाची, दुकानाच्या हिशेबांची किंवा घरच्या छायाचित्रांची एकुलती एक प्रत मात्र कायमची जाते. म्हणूनच या कामात मोजमाप आधी आणि उपाय नंतर, हा क्रम पाळणे अत्यावश्यक आहे.

पहिली पायरी रीस्टार्टची असते, आणि येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते, त्यामुळे रोज रात्री बंद होणारा लॅपटॉपही खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेला नसतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र ही स्थिती टाकून देऊन सारे पहिल्यापासून उभे केले जाते. त्यानंतरही मंदपणा टिकला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांवर किती भार आहे आणि तो कोणत्या प्रोग्रॅममुळे आहे, हे येथे दिसते. एखादे मोठे अपडेट नुकतेच झाले असेल तर त्याची उरलेली कामे, अँटिव्हायरसची तपासणी आणि फाइलींची शोधसूची नव्याने बनवणे ही कामे पाठीमागे चालू असतात. लॅपटॉप चार्जरला जोडून काही तास चालू ठेवला की हा मंदपणा बहुधा आपोआप ओसरतो, आणि त्यावर वेगळा उपाय करण्याचे कारण उरत नाही.

मेमरीचा स्तंभ नव्वद टक्क्यांच्या पुढे अडकून राहिला असेल, तर रॅम अपुरी पडल्याने प्रणाली मेमरीतील काही मजकूर डिस्कवर हलवत असते. या अदलाबदलीला पेजिंग म्हणतात. तिची किंमत समजण्यासाठी काळाची मापे पाहावीत. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून मिळायला साधारण 100 मायक्रोसेकंद, तर फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमधून मिळायला 10 मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक. म्हणजे रॅमच्या तुलनेत एसएसडी सुमारे हजारपट आणि हार्ड डिस्क सुमारे लाखपट संथ असते. त्यामुळे ब्राउझरचे चार टॅब अधिक उघडल्यावर लॅपटॉप थोडा मंदावत नाही, तर एकदम बसतो.

डिस्कच्या स्तंभातील शंभर टक्के हा आकडा सर्वाधिक दिशाभूल करणारा आहे, कारण तो डिस्कने किती माहिती वाहून नेली हे सांगत नाही. डिस्क किती वेळ कामात गुंतलेली होती, एवढेच तो सांगतो. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास सुमारे 11 मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारी सुई योग्य मार्गावर नेण्यात आणखी वेळ जातो, म्हणून विखुरलेल्या जागा वाचताना ती सेकंदाला शंभरच्या आतच वाचने करू शकते आणि अगदी थोडी माहिती वाचूनही शंभर टक्के व्यग्र राहते. यासाठी परफॉर्मन्स टॅबवर जाऊन डिस्कच्या आलेखाखाली दिलेला सरासरी प्रतिसाद-काळ पाहावा. व्यग्रता शंभर टक्के, वाचनाचा वेग सेकंदाला एक-दोन मेगाबाइट आणि प्रतिसाद-काळ शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद, असे तीन आकडे एकत्र दिसले, तर डिस्क एखादा कमकुवत झालेला भाग पुन्हापुन्हा वाचू पाहत असण्याचा संभव मोठा असतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट नोंदी म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये त्या वाचता येतात. हार्ड डिस्कच्या बाबतीत बदली दिलेल्या आणि वाचन प्रलंबित असलेल्या सेक्टरांची, म्हणजे माहिती साठवण्याच्या लहानात लहान कप्प्यांची, संख्या शून्याहून अधिक असेल आणि वाढत असेल, तर पुढील सर्व तपासण्या थांबवून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढणे हेच कर्तव्य ठरते. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणे म्हणजे वाचवता येण्याजोगे तेवढेही गमावणे होय.

प्रोसेसरच्या बाबतीतही केवळ टक्केवारी पुरत नाही. ती मोजण्याची पद्धत विंडोजच्या सर्व आवृत्त्यांमध्ये एकसारखी नाही, त्यामुळे तिच्या शेजारी दाखवलेला प्रत्यक्ष वेग गिगाहर्ट्झमध्ये वाचणे अगत्याचे असते. 2 गिगाहर्ट्झच्या आसपास मूळ वेग असलेला प्रोसेसर काम पुढ्यात असतानाही 0.4 किंवा 0.8 गिगाहर्ट्झवर खिळून राहिला, तर तो कोणाच्या तरी आज्ञेने रोखला गेलेला असतो. मदरबोर्डवरील इतर भागांना, धोक्याची शंका येताच, प्रोसेसरचा वेग उतरवणारा विद्युत-संकेत पाठवता येतो. काही कंपन्यांच्या चार्जरच्या टोकाशी मध्यभागी एक बारीक पिन असते आणि हा चार्जर किती वॉटचा आहे, ही माहिती लॅपटॉपला तिच्यातून मिळते. ती पिन वाकली, आतली तार तुटली किंवा भलत्याच बनावटीचा चार्जर लावला, की पुरेशी वीज मिळत असूनही लॅपटॉप ती अपुरी समजतो आणि वेग तळाला नेऊन ठेवतो. याची परीक्षा सोपी आहे: टास्क मॅनेजरमधील वेगावर नजर ठेवून चार्जर काढावा. आकडा काही क्षणांत 0.4 वरून 2 गिगाहर्ट्झच्या पुढे गेला, तर दोष चार्जरचा किंवा त्याच्या जोडणीचा. बॅटरीवरही तो जागचा हलला नाही, तर बॅटरी, तापमानाचे संवेदक किंवा मदरबोर्ड यांच्याकडे वळावे. इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-प्रोसेसर-पॉवर या नावाखाली 37 क्रमांकाची नोंद सापडली, तर फर्मवेअरने, म्हणजे यंत्रात मुळातच बसवलेल्या आज्ञावलीने, वेगावर बंधन घातल्याचा तो लेखी पुरावाच असतो.

लॅपटॉप पहिली काही मिनिटे नीट चालून मग मंदावत असेल, तर संशय उष्णतेवर जातो. लॅपटॉपमधील बहुतेक प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की जळू नयेत म्हणून स्वतःच वेग कमी करतात. मागचे झाकण उघडल्यावर पंख्याची पाती पुष्कळदा बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात. पण पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकावरील बारीक पट्ट्या यांच्या सांध्यात धूळ आणि धागे यांचा नमद्यासारखा दाट थर बसलेला असतो. बाहेरच्या जाळीतून तो दिसत नाही, आणि बाहेरून हवा मारल्यानेही पुरता निघत नाही. पंखा बोटाने स्थिर धरून तो थर ब्रशने सोडवावा लागतो, आणि प्रोसेसर व तांब्याचा पत्रा यांमधील उष्णतावाहक पेस्ट सुकली असल्यास ती पुसून नवी लावावी लागते. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तर बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या भोवतालासाठी बनवलेले असतात. तेथे हाच थर हिवाळ्यात जाणवतही नाही आणि उन्हाळ्याच्या पहिल्या लाटेत यंत्र अचानक अडवतो.

या सर्व तपासण्यांमागे एकच शिस्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवावा, आणि प्रत्येक टक्केवारीला ती कशाची टक्केवारी आहे असे विचारावे. रॅम वाढवली, विंडोज नव्याने बसवले आणि चार्जरही बदलला, असे तिन्ही एकदम केल्यावर लॅपटॉप चालू लागला, तर खर्च तिन्हींचा होतो आणि कारण अज्ञातच राहते. उलट ‘चार्जरची पिन वाकल्याने वेग 0.4 गिगाहर्ट्झवर अडला होता’ एवढे एक वाक्य पुराव्यानिशी सांगता आले, तर निदान पूर्ण झाले असे समजावे. ज्या विद्यार्थ्याला किंवा लहान दुकानदाराला दुसरा लॅपटॉप घेणे परवडणारे नाही, त्याला असे एक वाक्य मागण्याचा हक्क आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याने ते त्याला दिलेच पाहिजे.