व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी चाललं, पण नेटवर्क कार्ड सापडेना



एप्रिल महिना, लग्नसराई जोरात. माझ्या बोरिवलीच्या दुकानातला डीटीपीचा जुना कॉम्प्युटर एके दिवशी सकाळी चालूच झाला नाही. मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क शाबूत होती हे नशीब, कारण तिच्यात दहा-बारा वर्षांच्या लग्नपत्रिका होत्या, सगळ्या पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टात. त्याच संध्याकाळी एका गिऱ्हाइकाला ३५० पत्रिकांचं प्रूफ दाखवायचं होतं आणि रात्री फाइल अंधेरीच्या प्रेसला पाठवायची होती. नाही गेली तर मशीनवरचा आपला नंबर जाणार, पत्रिका चार दिवस पुढे, आणि गिऱ्हाईक कायमचं शेजारच्या दुकानात.

नवीन कॉम्प्युटर काउंटरवर होता, पण त्यावर विंडोज १०. त्यावर सरळ एक्सपी का टाकलं नाही, असं बरेच जण विचारतात. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. त्यानंतर आलेल्या मदरबोर्डसाठी एक्सपीचे ड्रायव्हर कंपन्या सहसा बनवत नाहीत. जुना बोर्ड शोधायला लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे अख्खा दिवस. म्हणून ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स टाकलं. फुकट मिळतं, आणि कॉम्प्युटरच्या आत दुसरा, खोटा कॉम्प्युटर तयार करून देतं. बाहेरच्या खऱ्या मशीनला होस्ट म्हणतात, आतल्या खोट्याला गेस्ट.

एक्सपी चढलं, पेजमेकर चढलं, श्रीलिपीचा यूएसबी डोंगलही आत जोडला गेला. नेटवर्क मात्र नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’ आणि त्यावर पिवळं प्रश्नचिन्ह. मी काय केलं? एक्सपी पुन्हा टाकलं. तेच. मग गेस्ट ॲडिशन्स टाकले. तेच. दुपारचे तीन वाजले.

मी बीबीए केलेला माणूस, इंजिनियर नाही. पण त्या दिवशी जे कळलं ते तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमचे तीन तास वाचतील.

गेस्टला तुमचं खरं नेटवर्क कार्ड दिसतच नाही. दुकानातला कॉम्प्युटर रियलटेकच्या कार्डावर चालतो की वायफायवर, याच्याशी आतल्या एक्सपीचा संबंध नाही. व्हर्च्युअलबॉक्स त्याला एक खोटं कार्ड दाखवतं, पण खऱ्या जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल करून. त्यामुळे इंटरनेटवरून रियलटेकचा ड्रायव्हर आणून आत टाकलात तर काही होणार नाही. ड्रायव्हर हवा तो नक्कल केलेल्या कार्डाचा.

आता नक्कल कोणाची करायची, हे सेटिंगमध्ये ठरतं. मशीन पूर्ण बंद करा, सेव्ह करून ठेवू नका. सेटिंग्ज, नेटवर्क, ॲडॉप्टर १, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे ‘ॲडॉप्टर टाइप’. माझ्याकडे होतं इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप. का? कारण मशीन बनवताना घाईत यादीतून एक्सपीऐवजी विंडोज ७ निवडलं होतं आणि व्हर्च्युअलबॉक्सने विंडोज ७ ला साजेसं कार्ड लावलं. या कार्डाचा ड्रायव्हर विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये आधीच असतो, एक्सपीमध्ये नसतो. मी ते बदलून एएमडीचं पीसीनेट फास्ट ३ केलं, मशीन चालू केलं आणि एक्सपीने कार्ड आपोआप ओळखलं. सीडी नाही, डाउनलोड नाही. इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर निवडलं तरी एक्सपी ओळखतं.

आणि याच्या उलटही होतं बरं का. विस्टापासून मायक्रोसॉफ्टने पीसीनेटचा ड्रायव्हर काढून टाकला. म्हणजे कोणी तुम्हाला ‘पीसीनेट सगळीकडे चालतं’ सांगितलं आणि तुम्ही ते विंडोज ७ च्या गेस्टला लावलंत, तर पुन्हा तेच पिवळं चिन्ह.

नेमकं कोणतं कार्ड दिसतंय याची शंका असेल तर त्या चिन्हावर डबल क्लिक करून डिटेल्समध्ये जा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात ‘व्हेन’च्या पुढचे चार आकडे बघा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०२२ म्हणजे एएमडी, १एएफ४ म्हणजे व्हर्टआयओ. व्हर्टआयओ हे कुठल्या खऱ्या कार्डाची नक्कल नाही, खास व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं आहे, वेगवान आहे, पण विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर मुळात नसतो. लिनक्सवर केव्हीएम वापरणाऱ्यांना हे जास्त भेटतं. व्हीएमवेअरमध्येही तसंच: तिथलं व्हीएमएक्सनेट ३ कार्ड व्हीएमवेअर टूल्स टाकल्याशिवाय विंडोजला सहसा कळत नाही.

मग ड्रायव्हर आत न्यायचा कसा, नेटवर्कच नाही तर? होस्टवर आयएसओ फाइल डाउनलोड करा आणि गेस्टच्या खोट्या सीडी ड्राइव्हमध्ये लावा. सीडीला नेटवर्क लागत नाही. गेस्ट ॲडिशन्स मात्र यासाठी नाहीत, ते स्क्रीन, माउस आणि शेअर्ड फोल्डरसाठी आहेत. इंटेलच्या कार्डाचा ड्रायव्हर त्यात मिळत नाही.

माझी गोष्ट इथे संपली नाही. कार्ड दिसलं, पण प्रिंटरवाल्या कॉम्प्युटरचा शेअर केलेला फोल्डर उघडेना. मला वाटलं ड्रायव्हर अजून बिघडलेलाच आहे. इथे थांबून आयपी बघायला हवा होता. १०.०.२.१५ दिसला तर कार्ड, ड्रायव्हर दोन्ही ठीक, तुम्ही फक्त नॅटवर आहात: आतून बाहेर जाता येतं, पण दुकानातल्या बाकीच्यांना हे मशीन दिसत नाही. दिसायला हवं असेल तर ‘ब्रिज्ड’ करा. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी असेल तर ड्रायव्हर चालू आहे, पण राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. बहुतेक ब्रिज चुकीच्या कार्डाला जोडलाय, केबल काढलेली असताना तिलाच. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच नसेल, पिवळं चिन्हही नसेल, तर सेटिंगमधली ‘एनेबल नेटवर्क ॲडॉप्टर’ची खूण बघा.

माझा आयपी १०.०.२.१५ च होता. फोल्डर अडला तो वेगळ्याच कारणाने. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त जुनी भाषा येते, एसएमबी १. विंडोज १० ने २०१७ च्या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या मशीनवर ती ठेवणं बंद केलं. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरस याच एसएमबी १ मधल्या भोकातून जगभर पसरला होता, त्यामुळे ती परत चालू करा असं मी कोणालाही सांगणार नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा शेअर्ड फोल्डर वापरा. त्याला नेटवर्क कार्डच लागत नाही! म्हणजे सकाळपासून ज्याच्या मागे पळत होतो, त्याची माझ्या कामाला गरजच नव्हती.

पीडीएफ त्या फोल्डरमधून बाहेर काढली, प्रूफ साडेसहाला दाखवलं. निमंत्रकांत मुलीच्या आत्याचं नाव राहिलं होतं, ते घातलं, आणि फाइल सव्वादहाला प्रेसला गेली.

आता माझं एक्सपी फक्त जुन्या पत्रिका उघडायला आहे. नवीन काम युनिकोडमध्ये करतो. गेस्टचं नेटवर्क मी सरळ बंदच ठेवलंय, सपोर्ट नसलेलं विंडोज इंटरनेटवर कशाला सोडायचं? तुम्हाला नेटवर्क लागतच असेल तर दोन गोष्टी. कार्ड बदलण्याआधी मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या. आणि कार्डाचे प्रकार उगाच बदलत बसू नका, एक्सपीचं ॲक्टिव्हेशन हार्डवेअरमधले बदल मोजतं. शिवाय प्रत्येक नवीन कार्डाला विंडोज नवीन कनेक्शन बनवतं आणि तुम्ही हाताने टाकलेला आयपी जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डाकडेच राहतो. तोच आयपी पुन्हा टाकायला गेलात की ‘हा दुसऱ्या ॲडॉप्टरला दिलेला आहे’ असा निरोप येतो. तो आला तर घाबरू नका.