चिनीत हसताना जपून

वीचॅटवर तुमच्या कुणा चिनी मित्रमैत्रिणीशी गप्पा होत असतील, तर आधीच सांगून ठेवतो: शब्दकोश बघून हसायला जाऊ नका.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका चिनी मैत्रिणीचा शोधनिबंध दोनदा परत आला आणि तिसऱ्या खेपेला एकदाचा स्वीकारला गेला. तिने ग्रुपवर बातमी टाकली. मी नुकताच चार अक्षरं शिकलो होतो, म्हणून मोठ्या हौसेने 'हऽहऽ' लिहिलं आणि पुढे साधा हसरा चेहरा चिकटवला. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

कोशात अर्थ स्पष्ट होता: हसण्याचा आवाज. पण आजची चिनी तरुण मंडळी हे 'हऽहऽ' वाचतात ते आपल्या 'हो का? बरं बरं!' या सुरात. त्या हसऱ्या चेहऱ्याचंही तेच झालंय. आईवडील तो निरागसपणे पाठवतात आणि मुलांना त्यात ओठ आवळून केलेली हेटाळणी दिसते. गंमत म्हणजे अकराव्या शतकातला थोर कवी सू शी मित्रांना लिहिलेल्या पत्रांत हेच 'हऽहऽ' अगदी मनमोकळेपणाने लिहीत असे!

मग खरं हसायचं कसं? 'हाहाहाहा' लिहा, आणि 'हा' मोजताना कंजुषी करू नका. दोनच 'हा' म्हणजे उपचार. गालातल्या गालात, लाडिक हसायचं असेल तर 'शीशी'. (हो, शीशी. मराठी माणसाला हे पचायला वेळ लागतो.)

भाषा कुठलीही असो, लेखी हसण्यात 'ह' इतका का येतो, याचं उत्तर शरीरात आहे. अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याचं ध्वनिमुद्रण मोजून पाहिलं. हास्याचा एकेक तुकडा सुमारे ७५ मिलिसेकंदांचा असतो आणि साधारण दर २१० मिलिसेकंदांनी नवा तुकडा सुरू होतो. म्हणजे हसणं हा तुकड्यातुकड्याने सोडलेला श्वासच, आणि श्वासाला सगळ्यात जवळचं व्यंजन 'ह'.

चिनी लोक मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. 'मॉप' नावाच्या संकेतस्थळावर जमिनीवर मुठी आपटत हसणाऱ्या चित्राचा क्रमांक २३३ होता. लोक चित्राऐवजी नुसता आकडाच लिहू लागले आणि हसू जितकं जास्त, तितके पुढे तीन वाढवू लागले: २३३३३३. रोमन कीबोर्डवर घाईत 'एच' आठ वेळा दाबला, तर चिनी टंकलेखन 'ह'ने सुरू होणारे भलतेच शब्द सुचवायचं: 'होंगहोंग ह्वोह्वो ह्वांगह्वांग हूहू'. निम्मं भरभराटीचं, निम्मं गुंगीतलं, एकत्र अर्थ शून्य. आता तेही एक हसणंच झालंय.

आकड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. थाई भाषेत पाचाला 'हा' म्हणतात, म्हणून ५५५ म्हणजे खो खो हसणं. चिनीत पाच म्हणजे 'वू', म्हणून तेच ५५५ म्हणजे मुसमुसून रडणं. सूर वगळले तर मँडरिनमध्ये जेमतेम चारशेच्या आसपास अक्षरोच्चार उरतात, त्यामुळे एका आवाजावर दुसरा अर्थ चढवणं तिथे फार सोपं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तिला शब्दकोशाचं पानच दाखवलं, तेव्हा कुठे राग निवळला. मग तिने मला हाँगकाँगच्या जेम्स वाँग यांचं १९९० सालच्या 'स्वोर्ड्समन' चित्रपटातलं गाणं ऐकवलं. शीर्षकाचा अर्थ साधारण 'अथांग सागरावर एक हास्य'. पहिलीच ओळ ऐका: ध प ग रे सा! चिनी पंचस्वरी सप्तक वरून खाली उतरत येतं, आणि आपल्या कानांना थेट भूपाचा अवरोह ऐकू येतो. मी तो तिला गुणगुणून दाखवला तेव्हा ती मोठ्याने, अगदी २३३३ हसली.

हल्ली माझा प्रयोग फसला की तिचा लगेच निरोप येतो: 'हऽहऽ'. पुढे तो साधा हसरा चेहराही असतो.