शटर कितीही फास्ट ठेवा, गाडी तिरकीच!

माजरी जंक्शन नागपूर-बल्लारशाह मेन लाइनवर आहे. वणीकडची लाइन इथूनच फुटते. माझं घर इथलंच, त्यामुळे गाड्यांचे फोटो काढायचा नाद लहानपणीच लागला. मोबाइलवर धावत्या एक्सप्रेसचा फोटो काढला की एक गंमत दिसते. सिग्नलचा खांब सरळ, पण डब्यांच्या खिडक्या तिरक्या! असं का?

कॅमेऱ्याचं शटर दुकानाच्या शटरसारखंच. जेवढा वेळ उघडं, तेवढा वेळ उजेड आत. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ती अर्धा मीटर सरकते आणि फोटो पुसट येतो. १/१००० ठेवा, सरकणं फक्त अडीच सेंटिमीटर. फोटो शार्प!

मग खिडक्या सरळ यायला हव्यात ना? नाही येत, आणि खरी मेख इथेच आहे. मोबाइलमध्ये सहसा पडदा नसतोच. सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो. प्रत्येक ओळीला उजेड मिळतो १/१००० सेकंदच, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायला समजा १/५० सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी अर्धा मीटर पुढे. खिडकीचा वरचा भाग आधी टिपला जातो, खालचा नंतर. म्हणून ती तिरकी. म्हणजे वेळा दोन आहेत, आणि आपण सेट करतो ती फक्त पहिली.

एसएलआरमध्ये दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागोमाग बंद करत येतो. फास्ट स्पीडला दोघांमध्ये फक्त एक फट उरते आणि ती सेन्सरवरून सरकते. हे पडदे साधारण १/२५० सेकंदात पार होतात, म्हणून तिरकेपणा कमी. पण फ्लॅश त्याहून क्षणभरच चमकतो. गॅदरिंगला १/१००० वर साधा फ्लॅश मारलात तर फोटोत काळा पट्टा आलाच समजा!

आता कामाची गोष्ट. कोळशाच्या मालगाडीचा फोटो दाखवून कोणी ‘डबा कललाय, पडणार’ म्हणालं, तर आधी बाकीचे डबे बघा. सगळेच सारखे तिरके असतील तर ती शटरची करामत. खात्री हवी असेल तर फोन उलटा धरून पुन्हा फोटो काढा, कल दुसऱ्या बाजूला जाईल. पण एकच डबा कललेला असेल, तर मित्रांनो, फोटो फॉरवर्ड करत बसू नका. आधी स्टेशन मास्तरांना गाठा.